हाड जुळलं, पुढे काय?

नव्याने मोटरसायकल चालवायला लागलेला माणूस मोठ्या अपघातातून वाचला, की त्याच्या खाटेभोवती दोन सल्ले घिरट्या घालू लागतात. घरचे म्हणतात, ‘आता गाडीचं नावसुद्धा काढायचं नाही.’ सोबत गाडी चालवणारे मित्र म्हणतात, ‘पडल्याशिवाय कोण शिकलंय? बरा झालास की आधी गाडीवर बस, नाहीतर भीती कायमची बसेल.’ दोघांनाही त्याची मनापासून काळजी असते. पण पुढचं सगळं त्याच्या हिमतीवर अवलंबून आहे, हे दोघांनीही धरूनच ठेवलेलं असतं. घरच्यांना ती हिंमत आगाऊपणा वाटते, मित्रांना ती औषध वाटते.

मला हा हिमतीचा प्रश्न वाटतच नाही. शरीर किती भरून आलं, मेंदू किती सावरला आणि मुळात आपण का पडलो हे त्याला कळलं का, असे हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं शोधता येतात. ती शोधण्याचं ज्ञान डॉक्टरांकडे, फिजिओथेरपिस्टकडे आणि चांगल्या प्रशिक्षकांकडे आहे. तरीही ती शोधायची जबाबदारी आपण एकट्या जखमीवर टाकून मोकळे होतो. हा सार्वजनिक हलगर्जीपणा आहे, आणि त्याची किंमत तो माणूस पुढची अनेक वर्षं मोजत राहतो.

१९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय रस्ते सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झालेले विल्यम हॅडन पेशाने डॉक्टर होते. अपघाताकडे नशिबाचा खेळ म्हणून न पाहता आजारासारखं पाहावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी अपघाताचे तीन टप्पे पाडले: धडकेआधीचा, धडकेचा आणि धडकेनंतरचा. रस्ते सुरक्षेचा विचार आजही बऱ्याच अंशी याच चौकटीत चालतो. पहिल्या टप्प्यासाठी नियम, रस्ते आणि प्रशिक्षण. दुसऱ्यासाठी हेल्मेट आणि गाडीची रचना. तिसरा टप्पा मात्र व्यवहारात रुग्णवाहिकेपासून सुरू होतो आणि शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर संपतो. संयुक्त राष्ट्रांनी २०११ ते २०२० हे रस्ते सुरक्षेचं दशक जाहीर केलं, तेव्हा अपघातानंतरची मदत हा त्यातल्या पाच खांबांपैकी एक होता आणि पुनर्वसन त्याचाच भाग होतं. पण रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला या खांबाचा आधार जाणवत नाही.

हा काही मूठभरांचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर वर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. त्यांतली बरीच इंजिनाच्या दुचाकी-तीनचाकींवरची असतात. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ता हेच आहे. जखमी होऊन वाचणाऱ्यांचा आकडा २ ते ५ कोटींच्या घरात जातो. चर्चा मृतांची होते. जे वाचले ते ‘थोडक्यात वाचले’ या दोन शब्दांत मिटतात.

हाडांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचं लक्ष आधी तिथेच जातं. दुचाकीच्या अपघातात वाचलेल्यांना सर्वाधिक मार पायाला बसलेला असतो, आणि त्यात नडगीची पाळी वारंवार येते. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर मांस जवळजवळ नसतंच, नुसती कातडी असते. हाड मोडलं की ते कातडी फाडून बाहेर येऊ शकतं, जखम उघडी राहते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रक्तपुरवठाही बेताचा, त्यामुळे जुळणं रेंगाळतं. आत रॉड टाकून सगळं सुरळीत पार पडलं तरी चार ते सहा महिने सहज जातात. सिगारेट ओढणाऱ्याचे त्याहून जास्त. तोवर मांडीचे स्नायू वाळून जातात, गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही, घोटा आखडतो. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं की मात्र रुग्णाला सांगितलं जातं, ‘आता सगळं करायला हरकत नाही.’ त्या ‘सगळ्या’त मोटरसायकल येते की नाही, हे सांगितलं जात नाही आणि रुग्णही घाबरून विचारत नाही.

मोटरसायकल शरीराकडून काय काय मागते ते पाहा. डाव्या हाताची पकड क्लचसाठी लागते आणि रहदारीत ती पुन्हा पुन्हा, दमून न जाता दाबावी लागते. उजव्या हाताच्या बोटांना पुढचा ब्रेक झटकन पण अंदाजाने दाबता यायला हवा. डाव्या पावलाने गिअर, उजव्या पावलाने मागचा ब्रेक. थांबताना दीडशे किलोची गाडी तोललेली असताना एक पाय जमिनीवर भक्कम रोवावा लागतो, तोही कधी उतारावर, कधी खडीवर. मागून कोण येतंय हे खांद्यावरून वळून पाहण्यासाठी मान फिरावी लागते. मनगट नीट जुळलेलं नसलेला माणूस घरात चहाचा कप उचलू शकतो, दारं उघडू शकतो, आणि तरीही अचानक ब्रेक मारायची वेळ आली की वेदनेने अर्ध्यावर अडखळतो. कारच्या ब्रेकवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं आहे, की उजवा पाय मोडलेल्या माणसाचा ब्रेक दाबायचा वेग पायावर वजन टाकायला सुरुवात केल्यानंतरही सुमारे ६ आठवड्यांनी पूर्ववत होतो. तेही खुर्चीसारख्या आसनावर बसून, चार चाकांवर. मोटरसायकलस्वाराला त्याहून जास्त सावध राहायला हवं, हे समजण्यासाठी निराळ्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.

हाडांच्या गडबडीत हातून निसटणारी एक दुखापत आहे आणि तिच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. मोटरसायकलवरून फेकला गेलेला माणूस खांद्यावर आपटतो, तेव्हा मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला जातो. मानेतून निघून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं त्या ओढीत ताणलं जातं, फाटतं, कधी मणक्यापासून मुळासकट उपटलं जातं. प्रौढांमध्ये या दुखापतीचं सर्वांत मोठं कारण मोटरसायकलचे अपघात हेच आहे. हात लुळा पडतो, पण त्याच वेळी पाय मोडलेला असतो, बरगड्या दुखत असतात, माणूस औषधांच्या गुंगीत असतो. ‘हाताला सूज आहे, येईल हळूहळू ताकद’ म्हणत आठवडे जातात. आणि इथे आठवडे मोलाचे असतात. तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. खांद्यापासून पंजापर्यंतचं अंतर धरलं तर दीड-दोन वर्षांचा प्रवास झाला. तिकडे स्नायूला नसेचा संदेश वर्ष-दीड वर्ष मिळाला नाही तर तो कायमचा निकामी होतो. म्हणून शस्त्रक्रिया करायची असेल तर ती पहिल्या काही महिन्यांत व्हावी लागते. रुग्ण योग्य सर्जनकडे उशिरा पोचला तर कौशल्य असूनही हात वाचवता येत नाही. पाठपुराव्याची व्यवस्था नसणं म्हणजे काय, हे या एका दुखापतीवरून कळतं. तो उशीर रुग्णाच्या आळसामुळे झालेला नसतो. त्याला कुठे पाठवायचं हे ठरवणं कुणाचंच काम नसतं, म्हणून तो होतो.

डोक्याचं आणखी अवघड. इथे इतिहासातला एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. १३ मे १९३५ रोजी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश लेखक-सैनिक टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये मोटरसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे तरुण शल्यविशारद होते. केर्न्स त्या मृत्यूपाशी थांबले नाहीत. मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती ते गोळा करत गेले आणि १९४१ मध्ये त्यांनी हेल्मेटचं महत्त्व दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातल्या संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. सर्वसामान्यांसाठी मात्र तिथेही ती सक्ती यायला १९७३ उजाडलं. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिच्यातून निघालेला निष्कर्ष असा: हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. केर्न्स यांनी एका अपघाताला प्रश्न विचारला म्हणून हे घडलं. तशीच विचारपूस वाचलेल्या प्रत्येक स्वाराच्या अपघाताची व्हावी, असं माझं म्हणणं आहे. त्याकडे पुढे येतोच.

हेल्मेटमुळे वाचलेल्या डोक्यालाही हादरा बसलेला असू शकतो. स्कॅन स्वच्छ येतो, म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण पुढचे आठवडे, काहींचे महिने, डोकं दुखतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, लक्ष एका जागी टिकत नाही, प्रतिसाद मंदावतो, लहानसहान गोष्टींवर चिडचिड होते. मोटरसायकलवर याच गोष्टींवर जीव अवलंबून असतो. त्यात तीव्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर गुंगीची भर पडते. डोक्याला मार लागलेल्या माणसाने पुन्हा गाडी चालवण्याआधी डॉक्टरांची स्पष्ट परवानगी घेणं बंधनकारक असावं, असं मला ठामपणे वाटतं. या एका बाबतीत मी सक्तीच्या बाजूचा आहे, कारण इथे धोका समोरून येणाऱ्या पादचाऱ्यालाही आहे. आणि हो, आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरायचं नसतं. त्याच्या आतला फोमचा थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही.

आता तिसरा प्रश्न, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तो का पडला?

आश्चर्य असं, की हा प्रश्न त्याला कुणीच विचारत नाही. कुठे मोडलंय, हे डॉक्टर पाहतात. पोलीस चूक कुणाची ते ठरवतात. भरपाई कुणी द्यायची, यात विमा कंपनीला रस असतो. आणि नातेवाईक विचारतात, ‘एवढ्या जोरात कशाला जायचं?’ अनेकदा त्या माणसाला स्वतःलाही काही आठवत नसतं. डोक्याला मार बसला की धडकेच्या आसपासची आठवण अनेकदा मेंदूत उमटतच नाही. ती नंतर ‘परत येईलच’ असं समजणं चूक आहे. मग तो इतरांनी सांगितलेली गोष्ट आपली म्हणून स्वीकारतो. ती गोष्ट साधारण दोनच प्रकारची असते. एक तर ‘नवशिका होता, म्हणून पडला’. नाहीतर ‘समोरचाच आडवा आला, याची काही चूक नाही’. पहिलीने तो स्वतःला गुन्हेगार समजू लागतो. दुसरीने दिलासा मिळतो, पण हाती काही लागत नाही.

खरं चित्र या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी धडक होऊन झाले होते. अशा धडकांपैकी दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाने मोटरसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता. युरोपातल्या पाच देशांत १९९९-२००० मध्ये ९२१ अपघातांचा असाच अभ्यास झाला. तिथेही मुख्य चूक निम्म्या वेळा दुसऱ्या वाहनाच्या चालकाची आणि ३७ टक्के वेळा दुचाकीस्वाराची निघाली. दुसऱ्या चालकांच्या चुकांत सगळ्यांत मोठा वाटा होता तो मोटरसायकल दिसलीच नाही याचा. माणसाचा डोळा मोठ्या गाड्या शोधत असतो. एका दिव्याची बारीक आकृती समोर असूनही नजरेतून सुटते, किंवा ती आहे त्यापेक्षा लांब आणि हळू वाटते. नवख्या स्वाराच्या माथी ‘नवशिका’ असा शिक्का मारताना हे सगळं आपण विसरतो.

पण हर्ट यांचा अहवाल एवढ्यावर थांबत नाही, आणि आपणही थांबू नये. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत स्वाराच्या हातात साधारण २ सेकंदांपेक्षा कमी वेळ होता. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ३३ मीटर अंतर कापते. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका जोरात दाबला की चाक घसरलं, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. खरी थांबवण्याची ताकद तर पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं. वेगात असलेली मोटरसायकल उजवीकडे न्यायची तर उजवं हँडल पुढे ढकलावं लागतं, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते. अडथळा चुकवण्यासाठी ते करणारे स्वार जवळपास नव्हतेच. अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के स्वार स्वतःच, किंवा घरच्यांकडून वा मित्रांकडून गाडी चालवायला शिकले होते. म्हणजे चूक समोरच्याची असूनही ते दोन सेकंद कसे वापरायचे हे स्वाराला कुणी शिकवलं नव्हतं. कायद्याने तो निर्दोष आहे, आणि तरीही त्याला काही शिकायची गरज आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. जखमी माणसाला ती दोन्ही, न दुखावता, सांगणारं कुणीतरी हवं.

विमान वाहतुकीत हे फार पूर्वी समजलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांचं तेरावं परिशिष्ट स्पष्ट सांगतं, की अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नाही. दुचाकीच्या प्रत्येक अपघातावर तज्ज्ञांची समिती बसवावी, असं मी म्हणत नाही. पण गंभीर जखमी झालेल्या नव्या स्वाराला बरं होत असताना एका प्रशिक्षित माणसासोबत तास-दोन तास बसता यावं. जागेचे फोटो, गाडीवरच्या खुणा, रस्त्यावरचे ओरखडे, आठवत असेल तेवढं त्याचं कथन, हे सगळं समोर ठेवून ते दोन सेकंद उलगडावेत. तिथे बोललेलं काहीही न्यायालयात किंवा विम्याच्या दाव्यात वापरता येणार नाही, अशी कायद्याची हमी हवी. ती नसेल तर कुणीही खरं बोलणार नाही आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

इथे एक भेद जपायला हवा. अपघातानंतर लगेच माणसाला बसवून मनातलं सगळं बोलायला लावायचं, अशी एक पद्धत मानसोपचारात चालत असे. तिची छाननी झाली तेव्हा दिसलं, की अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही. काहींना उलट त्रास होऊ शकतो. मी सुचवतो आहे ती बैठक भावनांची नाही आणि घाईचीही नाही. ती रस्त्याची आणि गाडीची आहे, आणि ती त्याने मागितल्यावरच व्हावी. मनाचा प्रश्न वेगळा आहे आणि तितकाच गंभीर आहे. महिना उलटून गेल्यावरही ब्रेकचा कर्कश आवाज ऐकला की छाती धडधडत असेल, झोपेत तोच क्षण पुन्हा येत असेल, रस्त्याची ती बाजू टाळण्यासाठी तो लांबचा वळसा घेत असेल, तर त्याला ‘मन घट्ट कर’ म्हणणं क्रूरपणा आहे. आघातावर केंद्रित असलेले बोलण्याचे उपचार उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. मित्र म्हणतात तसं थेट गाडीवर बसवून भीती जातेच असं नाही. भीतीने आखडलेले हात आणि अडथळ्यावर खिळलेली नजर यांमुळे दुसरा अपघात मात्र घडू शकतो.

समजा, तो परत गाडी चालवायची म्हणतो. इथे हर्ट यांच्या अहवालातली आणखी एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. अपघातग्रस्त स्वारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट मोटरसायकलचा अनुभव ५ महिन्यांपेक्षा कमी होता, जरी त्यांचा एकूण अनुभव सरासरी ३ वर्षांच्या जवळ होता. म्हणजे नवखेपण माणसाचं असतं तसं माणूस आणि यंत्र यांच्या जोडीचंही असतं. गंभीर अपघातात जुनी गाडी बहुधा भंगारात जाते. बरा झालेला स्वार नवी घेतो, आणि कितीतरी वेळा आधीपेक्षा मोठी, कारण भरपाईचे पैसे आलेले असतात आणि मित्र म्हणतात, ‘मोठी गाडी रस्ता धरून चालते.’ काही महिने हात न लावलेलं कौशल्य, पुरतं न सावरलेलं शरीर आणि अनोळखी यंत्र अशी ही तिहेरी जोखीम. लायसन्सच्या दृष्टीने मात्र काहीच बदललेलं नसतं. त्याचं लायसन्स अपघाताच्या आदल्या दिवशी होतं तेच आजही वैध असतं.

युरोपीय संघात १९ जानेवारी २०१३ पासून मोटरसायकलच्या लायसन्सची शिडी आहे: आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, मग ३५ किलोवॅटपर्यंत, मग खुलं. ऑस्ट्रेलियातही नव्या स्वारांना ताकद मर्यादित ठेवलेल्या गाड्याच चालवता येतात. ही शिडी फक्त चढण्यासाठी वापरली जाते. गंभीर अपघातातून उठलेल्या स्वाराला काही महिने आपखुशीने एक पायरी खाली येता यावं, हलक्या आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीवर, बंद मैदानात ब्रेक आणि वळणं पुन्हा शिकता यावीत, आणि त्याबद्दल विम्याच्या हप्त्यात सवलत मिळावी, अशी माझी मागणी आहे. सक्ती मी मुद्दाम टाळतो. जखमी माणसाचं लायसन्स काढून घेतलं तर ती शिक्षा होते, आणि शिक्षेच्या भीतीने लोक अपघात लपवू लागतात.

प्रशिक्षणाने अपघात खरंच कमी होतात का, ही शंका रास्त आहे. मोटरसायकल प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ठोस फायदा सिद्ध झाला नाही. अभ्यासांचा दर्जाच कमी होता. नॉर्वेत एकेकाळी नव्या कारचालकांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरचे अपघात उलट वाढले, कारण कौशल्यापेक्षा आत्मविश्वास जास्त वाढला. या अनुभवाकडे डोळेझाक करून चालणार नाही. म्हणून मैदानातल्या सरावात घसरत्या गाडीवर ताबा मिळवण्याची मर्दुमकी नको. आधी धोका ओळखणं, वेग आणि अंतर राखणं, चौकात आपण दिसत नाही असं धरून चालणं, आणि त्यानंतर ब्रेक. नुकताच पडलेला माणूस आपल्या मर्यादा ऐकून घ्यायला जितका तयार असतो, तितका तो आधी कधीच नव्हता आणि पुढेही बहुधा नसेल. ही वेळ आपण वाया घालवतो, याची मला खरी हळहळ वाटते.

घरच्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. ‘गाडी सोड’ म्हणणाऱ्या आईवडिलांनी रात्री रुग्णालयाच्या बाकावर काढलेल्या असतात. त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण ज्याची नोकरी, ज्याची रोजची कमाई दुचाकीवरच चालते, त्याच्यासाठी ‘सोड’ या शब्दाचा अर्थ कामच सोड असा होतो. छंदासाठी गाडी चालवणाऱ्याला पर्याय असतात, त्याला नसतात. तो कुबड्या ठेवल्या ठेवल्या, बरं होण्याआधीच, गाडीवर बसतो, कारण घरात पैसा थांबलेला असतो. त्याला सबुरीचा उपदेश करण्यात अर्थ नाही. बरं होण्याच्या काळातलं उत्पन्न आणि फिजिओथेरपीचा खर्च यांची तरतूद, हीच त्याच्यासाठीची रस्ते सुरक्षा. रॉड आणि प्लेटचे पैसे मिळतात आणि त्या रॉडभोवतीचा पाय पुन्हा चालता करण्याचे मिळत नाहीत, ही विभागणी कोणत्याही हिशेबात बसत नाही. आखडलेला गुडघा घेऊन जगणारा तरुण समाजाला व्यायामाच्या काही महिन्यांपेक्षा कितीतरी महाग पडतो.

आणि जो म्हणतो, ‘मी पुन्हा चालवणार नाही’, त्यालाही हीच सगळी मदत मिळायला हवी. त्यालाही रस्ता ओलांडायचा आहे, कुणाच्या तरी मागे बसायचं आहे, बसच्या खिडकीतून दुचाकी पाहायच्या आहेत. त्याने का पडलो हे समजून घेतलेलं असेल तर त्याचा निर्णय त्याचा स्वतःचा असेल. न समजता सोडलेली गाडी पुढे अनेक वर्षं वादाचं, अपराधीपणाचं कारण होते.

हे सगळं करायला पैसे आणि माणसं कुठून आणायची, असा प्रश्न येणारच. सुरुवात त्याहून लहान असू शकते. रस्त्यावरच्या मृत्यूंची मोजणी अपघातानंतर ३० दिवसांत झालेले मृत्यू अशा व्याख्येने जगभर होते. वाचलेल्यांची अशी मोजणी व्हायला हवी. ती अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००१ पासून गंभीर जखमींची राज्यव्यापी नोंदवही ठेवली जाते, आणि वाचलेल्या प्रौढ रुग्णांना ६, १२ आणि २४ महिन्यांनी फोन करून विचारलं जातं, की दुखतं का, कामावर परतलात का, स्वतःचं स्वतः करता येतं का. अशी नोंदवही प्रत्येक मोठ्या रुग्णालयात सुरू व्हावी आणि दुचाकीस्वारांसाठी तिच्यात आणखी दोन प्रश्न असावेत: पुन्हा गाडी चालवता का, आणि त्या दिवशी नेमकं काय झालं हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलं का? दुसऱ्या प्रश्नाला किती जण ‘नाही’ म्हणतात हे एका वर्षात कळेल, आणि मग प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि पैसा कुठे लागणार आहे याचा हिशेब मांडता येईल.